शिंगांचं डांबर

चुडावा, ता. पूर्णा
९ जुलै २०२५

चि. गोपीचंद भावजींना आशीर्वाद.

पत्र बघून हसाल. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही "वैनी, साइटवर हाय, नंतर लावतो" म्हणता आणि ते नंतर कधी येत नाही. शिवाय मला एका कागदाबद्दल विचारायचं आहे, तेव्हा विचारणंही कागदावरच बरं. मी लिहायला शिकले ती तुमच्या दादांना पत्रं लिहिण्यासाठी. हे भट्ट्यांच्या कामावर सहा-सहा महिने बाहेर असायचे. तुम्ही तेरा वर्षांचे होता, नुकतेच आमच्या घरी राहायला आला होता आणि माझे काना-मात्रा दुरुस्त करत होता. आपल्या नवऱ्याला काय लिहिलं ते धाकट्या दिराला दाखवायचं कसं, म्हणून मी अर्ध्या ओळी झाकून धरायचे. आठवत असेल.

परवा सोमवारी परभणीला कामगार कचेरीत गेले होते. साखर कारखान्यातल्या यांच्या अपघाताच्या फाइलची झेरॉक्स मिळाली. गाडीत बसल्यावर तीनदा वाचली. तिच्यात लिहिलंय, "बॉयलरच्या भट्टीच्या छताचे अस्तर कोसळण्याचे कारण : अँकरच्या टोकांना डांबराचा लेप न दिल्यामुळे अस्तरास तडे गेले. सदर काम मयत मिस्त्री रंगनाथ यांच्या जबाबदारीत होते." खाली ठेकेदार म्हणून तुमची सही आहे.

भावजी, तुमच्या कागदातले अँकर म्हणजे आमची शिंगं. भट्टीच्या आतल्या पत्र्याला ती वेल्डिंगनं उभी करायची आणि त्यांच्यावर आगीचं अस्तर ओतायचं. छत खाली येत नाही ते या शिंगांनी धरलेलं असतं म्हणून. एकोणीस वर्षं मी गोठ्यात तीन दगडांच्या चुलीवर डांबर पातळ करून शिंगांची टोकं त्यात बुडवते आहे. पेरभर डांबर, मग वाळूत उभी करून वाळवायची. पहिल्या वर्षी मी यांना विचारलं होतं, एवढ्या आगीत जाणाऱ्या लोखंडाला डांबर कशाला, ते तर जळून जाईल. हे म्हणाले, "जळायलाच लावायलोत. शिंग तापलं की फुगतं. फुगायला जागा न्हाई मिळाली तर अस्तर फाडतं. डांबर जळतं आन् तेवढी जागा सोडून जातं."

जे जळून जाण्यासाठीच लावतात ते जळाल्यावर दिसलं नाही, म्हणून ते लावलंच नव्हतं असं तुम्ही लिहून दिलंत. मी एक शिंग कोरडं सोडलेलं नाही. तुम्ही स्वतः गोठ्याच्या दारात बाजेवर बसून चहा पीत बघितलेलं आहे.

आम्हाला पोटचं कुणी नाही, म्हणून गेल्या महिन्यात वर्षश्राद्धाचा पिंड तुम्ही ठेवलात. ही सही त्याआधीची की नंतरची, ते मी तारखेवरून बघितलं. आधीची आहे. दहा महिने आधीची.

यंदाची पहिली तीन पोती तुमचा टेम्पोवाला मुंजाजी घेऊन गेला. दोन पोती गोठ्यात आहेत. उत्तर लिहूनच पाठवा.

मनकर्णा


गोपीचंद रिफ्रॅक्टरी वर्क्स
वाळूज, छत्रपती संभाजीनगर
१९ जुलै २०२५

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

साहेबांना टपाल आलं म्हणून ऑफिसातली पोरं हसत होती. पण तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. काना-मात्रा अजून तशाच आहेत.

वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. तो कागद म्हणजे फक्त फाइल बंद करण्यासाठी असतो. मजकूर कारखान्यातल्या माणसानं टाइप केला, मी सही केली. तुमचं नाव त्यात कुठंच नाही. जिवंत माणसावर ठपका आला की त्याची नोकरी जाते, पोरंबाळं उघडी पडतात. दादा गेलेच होते. त्यांना आता कोण काय करणार? दादा असते तर स्वतःच म्हणाले असते, गोप्या, टाक माझ्या नावावर. तुम्हाला त्यांचा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दादांना मी विसरलो असं समजू नका. लेटरहेडच्या कोपऱ्यात बघा, त्यांचा फोटो छापून घेतलाय. खाली "प्रेरणास्थान" लिहिलंय. दिवाळीच्या कॅलेंडरवर मोठा रंगीत येईल.

एक आनंदाची गोष्ट. हंगामाआधी बॉयलर पेटवतात तेव्हा पूजेला जोडपं बसतं, तुम्हाला माहीतच आहे. यंदा दसऱ्याला अग्निप्रदीपनाचा तो मान कारखान्यानं मला आणि राजेश्रीला दिलाय. आजवर ठेकेदाराला कधी दिला नव्हता. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे. राजेश्रीनं साडी पाठवली आहे, ती नेसून या.

अपघातानंतर गेला हंगाम ही भट्टी बंदच होती. आता छताचं काम जोरात आहे, पंधरा दिवसांत अस्तर ओतून होईल. भिंतींसाठी तुमच्याकडची दोन पोती पोळ्यापर्यंत द्या. आणि वहिनी, त्या कचेरीत परत जाऊ नका. तिथले लोक बायामाणसांना उगाच चढवून देतात.

तुमचा
गोपीचंद


चुडावा
२ ऑगस्ट २०२५

गोपीचंद भावजी,

साडी मुंजाजीबरोबर परत पाठवली आहे. तो म्हणाला, "काकू, मी काय सांगू सायबाला?" मी म्हणाले, सांग की रंग आवडला नाही.

तुमच्या लेटरहेडवरचा फोटो बघितला. हा फोटो शेजारच्या सखारामच्या लग्नातला. शेजारी मी होते, मला कापून टाकलंय. माझ्या खांद्याचा एक तुकडा राहिलाय त्यांच्या बाहीला लागून. ज्या कागदाच्या कोपऱ्यात ते आहेत, त्याच कागदावर तुम्ही लिहिता की त्यांच्या नावावर ढकललं. वाचताना मला शिसारी आली. हात धुऊन आले आणि पुन्हा वाचलं, कारण वाचलेलं अर्धं सोडायची मला सवय नाही.

आता वेगळं विचारते.

गोठ्यात जुन्या रेडिओचा चुंबक आहे, तुम्हीच तो फोडून काढला होता. पूर्वी शिंगं सांडली की मी चुंबकानं गोळा करायला जायचे आणि हे हसायचे. म्हणायचे, "मने, ह्ये त्या जातीचं न्हाई. चिकटत न्हाई चुंबकाला. वाक आन् हातानं येच." तेव्हा पोत्यांवर तीनशे दहा नंबरच्या पोलादाचा कागद चिकटवलेला असायचा. मी कागद वाचल्याशिवाय पोतं सोडत नाही, भजी बांधून आलेला कागदही वाचते. यंदाच्या पोत्यांवर कागद नाही. आणि यंदाची शिंगं चुंबकाला झोंबतात, मुंगळ्यासारखी एकाला एक लागून लोंबतात.

आपल्या पडवीत भिंतीला एक शिंग ठोकलेलं आहे, ज्याला हे टोपी अडकवायचे. ते नऊ वर्षांपूर्वीचं. त्याला चुंबक लावला, खाली पडला. तीनदा लावला.

मग यांची हत्यारांची पिशवी उतरवली. कारखान्यानं ती पाठवल्यापासून मी उघडली नव्हती. थापी, ओळंबा, छिन्नी, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक जळकं शिंग. बोटाएवढं जाड असतं ते काडीएवढं राहिलंय. दाबलं तर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून आलं. मी ते ओट्यावर ठेवलंय. त्याचा चुरा पुसला तर गंजाचा वास हाताला दोन दिवस राहिला.

हे शिंग त्यांनी फडक्यात का गुंडाळलं होतं? आणि तुम्ही छतासाठी जी तीन पोती नेलीत ती कसली होती?

मनकर्णा


गोपीचंद रिफ्रॅक्टरी वर्क्स
वाळूज
१४ ऑगस्ट २०२५

ती. वहिनी, सा. न.

तुमचा स्वभाव म्हणजे पाट्यावरचा ठेचा. राजेश्री साडी परत आलेली बघून दोन दिवस जेवली नाही.

चुंबकानं काही कळत नसतं, वहिनी. चांगलं पोलाद सुद्धा वाकवलं की थोडं चिकटायला लागतं. हे इंजिनिअर लोकांना विचारा. पुस्तकं वाचून सगळं येत असतं तर मी वाळूजला शेड कशाला टाकली असती?

बरं, तुमच्याशी खोटं बोलून मला तरी काय मिळणार? ऐका. काम मिळवायचं तर भाव पाडावा लागतो. मी नाही पाडला तर दुसरा पाडतो. मग पोलाद उतरतं. हलकं शिंग एक हंगाम धरतं, दोन हंगाम धरतं. तोवर पुढचं रिपेअर निघतं, पुन्हा नवीन अस्तर. सगळीकडं असंच चालू आहे. कुणी मरावं म्हणून कुणी करत नाही. त्या वर्षी भट्टी जरा जास्त तापवली, तिथं घोळ झाला.

आणि आता तुम्ही मला एवढं बोलताच आहात तर सांगतो. दोन वर्षांमागच्या त्या छताचं दादांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, यात माझा काय दोष? तुम्ही मला एकट्याला फासावर चढवू नका.

छताचं अस्तर ओतून झालंय. सुकतंय. दोन पोती मात्र लवकर द्या, भिंती अडल्यात. डांबर लागलेलं असो-नसो, मुंजाजीला तशीच द्या.

गोपीचंद


चुडावा
९ सप्टेंबर २०२५

गोपीचंद,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही कळलं नव्हतं. "दादांना माहीत होतं" हे तुमचं वाक्य घेऊन मी घरात फिरत होते. पहिल्या दिवशी वाटलं, तुम्ही खोटं बोलता. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट आठवली आणि तुम्ही खरं बोलता हे कळलं.

दोन वर्षांमागं, श्रावणात. हे कारखान्यावर, मी इथं शिंगं बुडवून पाठवलेली. यांचा फोन आला, जेवलीस का, म्हैस कशी आहे. मी सहज म्हणाले, यंदा सोपं पडलं बघा, चुंबकानं भराभर उचलता आली, कंबर वाचली. हे म्हणाले, "काय म्हणलीस? परत सांग." मी परत सांगितलं. हसतही होते मी. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. यांना ते माझ्याकडून कळलं. छत दोन दिवसांपूर्वीच ओतून झालं होतं.

दुसरी गोष्ट भाकरीची. छत पुरं झालं की पहिली आग लावण्याआधी हेडमिस्त्री त्याच्या खाली एकटा बसून भाकरी खातो. यांच्या उस्तादानं ती रीत घालून दिली, तुम्हालाही यांनीच शिकवली. खालच्या गड्यांना दिसावं की ज्यानं बांधलं तो त्याखाली निवांत बसतो. दर वर्षी मी त्या दिवसासाठी भाकरी आणि तिळाची चटणी वेगळ्या फडक्यात बांधून द्यायचे. त्या वर्षी ते फडकं गाठ न सोडता घरी आलं. मी रागावले, उपाशी राहिलात का म्हणून. "भूक न्हवती," म्हणाले. ती भाकरी मी म्हशीला घातली.

मग मी व्यंकटीकडे गेले. तुमचा वेल्डर. आता तुमच्याकडं नाही, पूर्णेला ग्रिल बनवतो. आधी बोलेना. त्याची बायको गीताबाई म्हणाली, "सांगून टाका वो. रातीचं दचकून उठायलेत, त्यापरीस सांगितलेलं बरं." मग बोलला. त्याचे शब्द लिहिते.

"काकू, दादा फोन ठेवून सरळ भट्टीत आले. उरलेल्यातलं एक शिंग मागितलं, चुंबक लावून बघितला. मंग गोपीशेटला बोलावून घेतलं. म्हणले, छत पाड. गोपीशेटनं सगळ्यांसमोर पाय धरले. रडायला लागले. म्हणले, दादा, तारीख ठरलीया, मंडप सांगितलाय, एक हंगाम निभू द्या, तुमीच लहानाचं मोठं केलं, तुमीच बुडवता का. दादांनी त्यांना उठवलं. मंग म्हणले, एकच हंगाम. हंगाम सरला की मीच पाडीन. तवर ह्याच्या खाली माझा एक बी माणूस जायचा न्हाई. आन् हंगाम सरल्यावर, त्या जूनमधी, आमाला सगळ्याला दाराबाहीर उभं केलं. एकटे आत गेले पहार घेऊन. कडेचं एक शिंग निघून आलं ते घेऊन बाहीर आले, फडक्यात बांधलं, पिशवीत ठिवलं. म्हणले, ह्ये गोप्याला दाखवतो. आन् परत गेले."

भावजी, त्या कागदात लिहिलंय की ते पाहणी करायला गेले होते.

मला तुमची किळस आली आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे. पण मला एक दिवस यांचीही किळस आली. तुमचं रडणं बघून तेरा वर्षांचं पोर दिसलं असेल त्यांना. म्हणून एक हंगामभर ते छत वर ठेवलं आणि घरी माझ्यासमोर बसून जेवले, वर्तमानपत्र वाचलं, मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी मी पडवीतली टोपी काढून पेटीत टाकली. संध्याकाळी परत अडकवली. आणि माझी स्वतःची किळस तर अजून गेलेली नाही. यंदाही चुंबकानंच उचलत होते ना मी. तीन पोती उचलून झाल्यावर थांबले.

आता नीट वाचा.

ती दोन पोती तुम्हाला मिळणार नाहीत. त्यातली दहा शिंगं, पडवीतलं जुनं एक, आणि यांनी फडक्यात बांधलेलं जळकं, अशी बारा एका खोक्यात घातली आहेत. सोबत मी चार पानं लिहिली आहेत आणि व्यंकटीनं त्याखाली सही केली आहे. वर बॉयलर तपासणाऱ्या सरकारी साहेबाचा पत्ता घातला आहे. खोकं अजून घरात आहे.

दसऱ्याआधी तुम्ही दोन गोष्टी करा. ते नवीन छत पाडा. आणि कचेरीत लिहून द्या की डांबर लावलेलं होतं, शिंगं हलकी होती आणि ती तुम्ही आणली होती.

छत पाडायचं नसेल तर मुंजाजीबरोबर फडकं पाठवते आहे. दोन भाकरी आहेत आणि तिळाची चटणी. आता हेडमिस्त्री नाही, छत तुमचं आहे. त्याखाली बसा आणि खा.

मनकर्णा


२७ सप्टेंबर २०२५

वहिनी,

हे साध्या कागदावर लिहितोय. हातानं.

मुंजाजी फडकं घेऊन थेट साइटवर आला. सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. पोरं थांबली. त्यांना रीत माहीत आहे. एक जण म्हणाला, "शेट, बॅटरी आणू का आत?"

मी गेलो. भट्टीच्या दारात वाकलो, एक पाय आत टाकला. छत वर दिसत होतं. गुळगुळीत, एक भेग नाही. मला माहीत होतं की पहिल्या हंगामात ते पडत नाही. हिशेबानं पडत नाही. तरी दुसरा पाय उचलला नाही. तिथं किती वेळ होतो माहीत नाही. पाठीमागं सगळे उभे होते. मग बाहेर आलो आणि म्हणालो, पाडा.

तीन दिवस लागले पाडायला. कारखान्याला सांगितलं, अस्तर नीट सुकलं नाही. अग्निप्रदीपन पुढं ढकललं, आता सोळा ऑक्टोबरला आहे. नवीन शिंगं मागवली, खरी. तीन पोती मुंजाजी तुमच्याकडे आणून टाकेल. त्यांच्यावर कागद चिकटवलेला आहे, वाचा. चुंबक लावून बघा. डांबर तुम्हीच लावून द्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं लावलं तर पोरं आता आत जायची नाहीत. तसं बोलून दाखवलं त्यांनी.

भाकरी मी खाल्ली. बाहेर, टेम्पोच्या सावलीत. वाळली होती.

वहिनी, तुमची पहिली गोष्ट मी केली. दुसरी मागू नका. आता त्या छताखाली कुणालाच धोका नाही, मग कागद बदलून काय होणार? दादा परत येणार नाहीत. मी लिहून दिलं तर मला काम कोण देईल? तुरुंगही होऊ शकतो. पोरगी राणी बारावीला आहे. दादांनी एकदा मला वाचवलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांनी वाचवलेलं तुम्ही बुडवू नका. खोकं घरातच राहू द्या. मी दर महिन्याला येत जाईन. तुम्ही म्हणाल तेव्हा तुमच्यासमोर बसेन, तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन.

पूजेचा मान मी सोडायला तयार आहे. पण कारखान्यानं पत्रिका छापल्यात.

गोपीचंद


चुडावा
६ ऑक्टोबर २०२५

गोपीचंद,

तीन पोती मिळाली. कागद वाचला, तीनशे दहा आहे. कागदावर आता माझा विश्वास नाही, म्हणून सगळी शिंगं ओट्यावर ओतून एकेकाला चुंबक लावला. दीड दिवस गेला. एकही चिकटलं नाही. कंबर मोडली, बरं वाटलं.

सगळ्यांना डांबर लावून दिलं आहे. मुंजाजी आज सकाळी घेऊन गेला. त्याला सांगितलंय की वाळूत उभी करूनच ने, टोकं एकमेकांना घासू देऊ नको. त्या छताखाली जी माणसं जातील त्यांचं आणि माझं काही भांडण नाही. पुढच्या वर्षीही शिंगं आली आणि खरी असली तर लावून देईन.

तुमच्या पत्राचं आता सांगते. तुम्ही दारातून परत आलात हे वाचून मला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटलं असावं. मला वाटलं नाही. तुम्हाला जे छत एका भाकरीपुरतंही डोक्यावर नको होतं, ते तुम्ही दुसऱ्यांच्या डोक्यावर सुकत ठेवलं होतं. आणि कारखान्याला तुम्ही काय सांगितलंत? अस्तर सुकलं नाही. म्हणजे यंदाही मिस्त्रीचीच चूक. यंदाचा मिस्त्री कोण आहे मला माहीत नाही. त्यालाही घरी कुणीतरी असेल.

दादांनी वाचवलं ते तुम्ही बुडवू नका, म्हणता. त्यांनी तुम्हाला एक हंगाम दिला होता. त्या हंगामात तुम्ही ते छत उतरवायची तजवीज केली असती तर जूनमध्ये पहार घेऊन त्यांना आत जावं लागलं नसतं. तुम्ही काय केलंत, तर तीच शिंगं पुन्हा मागवलीत, आणि बुडवायला माझ्याच गोठ्यात पाठवलीत. त्यांच्या वर्षश्राद्धाचं जेवून उठल्यावर. पोती उतरवताना तुम्ही मुंजाजीला म्हणालात, "सावकाश रे, वैनीची कंबर दुखती." हे मी विसरणार नाही.

राणीला सांगा, तिला काही लागलं तर चुडाव्याला यावं. तिला मी काही बोलणार नाही. पण तिनं विचारलं तर सांगेन.

महिन्याला येऊन समोर बसू नका. मला तुमच्याकडं बघवत नाही. तुम्ही बसायचे ती बाज मी शेजारी देऊन टाकली.

सोळा तारखेला पूजेला बसाल तेव्हा कारखान्यात माझी पहिल्या रांगेतली खुर्ची मोकळी दिसेल. ती काढून टाकायला सांगा, कुणाला तरी उपयोगी पडेल.

खोकं जड झालं होतं. पोस्टातल्या मास्तरांनी काट्यावर ठेवून विचारलं, "बाई, यात काय लोखंड हाय काय?" मी म्हणाले, हो, बारा तुकडे. त्यांनी तसं लिहून घेतलं. यांच्या टोपीसाठी पडवीत आता साधा खिळा ठोकला आहे.

रजिस्टरच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तारीख बघून घ्या.

मनकर्णा रंगनाथ